कॉम्प्युटरवरून ईमेलने मोबाइलवर एसएमएस : अजून जमतं का? (मदत हवी)

रात्रपाळी (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार.

मी एका प्रयोगशाळेची तांत्रिक बाजू सांभाळते. आमच्याकडे उणे ८० अंशांवर चालणारे डीप फ्रीझर आहेत. त्यांचं तापमान एका कॉम्प्युटरवर सतत नोंदलं जातं आणि ठरलेल्या मर्यादेच्या वर चढलं की सॉफ्टवेअर ईमेल धाडतं. पण रात्री अडीचला ईमेल कोण बघणार? सकाळी कामावर आल्यावर दिसतं, तोवर आतले नमुने गेलेले असू शकतात.

सॉफ्टवेअर जुनं आहे, बनवणाऱ्यांनी केव्हाच वाऱ्यावर सोडलंय. एसएमएसची सोय नाही. 'ईमेल पत्ता' असा एकच रकाना आहे, त्यात स्वल्पविराम देऊन दोनतीन पत्ते टाकता येतात, बस्स.

आधीच्या सहकाऱ्याच्या टिपणवहीत लिहिलंय : 'मोबाइल नंबर, मग @, मग मोबाइल कंपनीचं डोमेन. असा पत्ता टाकला की एसएमएस जातो.' तसा पत्ता टाकला. एसएमएस आला नाही, आणि ईमेल परतही आलं नाही. सॉफ्टवेअर मात्र 'पाठवले' म्हणून हिरवी खूण दाखवतंय.

ही पद्धत अजून चालते का? नसेल तर त्या रकान्यात काय टाकलं म्हणजे फोन वाजेल?

स्वल्पविराम

माझं नाव निघालं म्हणून डोकावलो. उत्तर येत नाही, पण वाचतोय. वाचनखूण साठवली आहे.

बिनतारी

एकेकाळी उत्तम चालायचं. आता भरवशाचं राहिलेलं नाही, आणि बऱ्याच ठिकाणी बंदच झालंय.

आतून हे असं चालतं. मोबाइल कंपनी एक मेल सर्व्हर चालवते. @च्या आधीचा भाग म्हणजे ग्राहकाचा नंबर. तिथे ईमेल पोचलं की सर्व्हर त्यातली सजावट, चित्रं, जोडपत्रं काढून टाकतो, उरलेला मजकूर कापून १६० अक्षरांत बसवतो आणि कंपनीच्या एसएमएस केंद्राकडे देतो. पुढचा प्रवास कुठल्याही एसएमएससारखा. अमेरिकेत ही सोय जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीने फुकट ठेवली होती. व्हेरायझनचं डोमेन व्हीटेक्स्ट डॉट कॉम, टी-मोबाइलचं टीमोमेल डॉट नेट. चित्रं पाठवायची तर काही कंपन्यांनी वेगळी डोमेनं ठेवलेली. सर्व्हरवर नजर ठेवणारं नॅगिऑस ज्यांनी वापरलंय त्यांना आठवेल, त्याच्या संपर्काच्या नोंदीत 'पेजर' असा वेगळा रकानाच असतो. त्यात बरेच जण हाच पत्ता टाकत.

एटीअँडटीने ही सेवा १७ जून २०२५ रोजी पूर्ण बंद केली. कारण उघड आहे. फुकट दरवाजा, पाठवणाऱ्याची ओळख पटवायची सक्ती नाही, आणि नंबर तर क्रमाने एक-एक वाढवत गेलं तरी कुणाचा ना कुणाचा लागतोच. कचरा पाठवणाऱ्यांना याहून सोपं काय हवं?

आणि कंपनीने चालू ठेवलं तरी एक गोची आहेच. पत्त्यात कंपनीचं नाव असतं. माणसाने नंबर तोच ठेवून कंपनी बदलली की पत्ता मेला, आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. टिपणवही किती जुनी आहे?

रात्रपाळी

जुनी आहे. त्यातल्या एका माणसाने मध्यंतरी कंपनी बदललीय हेही खरं.

पण मग 'पाठवले' ही हिरवी खूण कशाची?

बिनतारी

पत्र टपालपेटीत पडलं याची. तुमच्या सॉफ्टवेअरने ईमेल पहिल्या सर्व्हरला दिलं, त्याने '२५०' हा आकडा उत्तरादाखल दिला, म्हणजे 'घेतलं'. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने काम संपलं.

त्यापुढे समोरच्या सर्व्हरने 'आत्ता नको, नंतर ये' म्हटलं तर तुमचा मेल सर्व्हर थांबून परत प्रयत्न करतो. किती थांबायचं? ईमेलच्या नियमावलीत, म्हणजे आरएफसी ५३२१मध्ये, पुन्हा प्रयत्न करण्याआधी निदान ३० मिनिटं थांबावं आणि नाद सोडण्याआधी ४-५ दिवस प्रयत्न करत राहावं असं सांगितलंय. पत्रव्यवहाराला हे ठीक आहे. फ्रीझरच्या गजराला नाही. अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा मुद्दाम परत पाठवायचं, ही कचरा अडवायची जुनी युक्ती आहे. म्हणजे नेमकं क्वचित येणारं, तातडीचं ईमेलच त्यात अडकायचं.

शंकेखोर

पण आजच्या काळात एसएमएस कशाला? व्हॉट्सअॅप, टेलिग्राम, नाहीतर फोनवर थेट नोटिफिकेशन पाठवणारी अॅप्स आहेत की. टेलिग्रामचा बॉट तर अर्ध्या तासात तयार होतो. उगाच नव्वदच्या दशकात का अडकायचं?

तिसरी_घंटा

शंकेखोर, प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे बॉट आणि एसएमएस दोन्ही ठेवलंय. पण या सगळ्यांना घेणाऱ्याच्या फोनवर इंटरनेट लागतं. रात्री डेटा बंद करून झोपणारे लोक आहेत. बॅटरी वाचवायला अॅप झोपवून ठेवणारे फोन आहेत. एसएमएसला सिग्नलची एक काडी पुरते. फोन बंद असेल तर एसएमएस केंद्र तो साठवून ठेवतं आणि फोन चालू झाला की देतं.

धागाकर्तीसाठी माझं उत्तर : पैसे देऊन मिळणारी ईमेल-ते-एसएमएस सेवा घ्या. ट्विलिओसारख्या कंपन्या एसएमएस पाठवायचा एपीआय, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममधून त्यांची सेवा वापरायची सोय, देतात. काही सेवा तर थेट ईमेल स्वीकारतात, नंबर@त्यांचं-डोमेन असाच पत्ता असतो, फक्त तुमचा पाठवणारा पत्ता त्यांच्याकडे आधी नोंदवलेला लागतो. घेणाऱ्याची मोबाइल कंपनी कुठली, हे आपल्याला माहीत असायची गरज नाही. पोचल्याची नोंदही मिळते. तुमच्या रकान्यात हा पत्ता टाकला की विषय संपला.

बिनतारी

विषय संपत नाही हो. नोंदणीचं काय? भारतात ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१८च्या नियमावलीनंतर अशा संदेशांसाठी पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. अमेरिकेतही साध्या दहा आकडी नंबरावरून सॉफ्टवेअरने संदेश पाठवायचे तर नोंदणी आहे. आणि यांचं सॉफ्टवेअर पडलं जुनं. मजकूर साच्याबाहेर गेला की संदेश अडणार, आणि तोही गुपचूप.

शिवाय मूळ मुद्दा वेगळाच आहे. प्रयोगशाळेतली वीज गेली तर? फ्रीझर तापायचं पहिलं कारण तेच. वीज गेली की राउटर गेला, राउटर गेला की ईमेल निघणारच नाही. मग पुढची सेवा कितीही महागातली असो.

माझं मत : कॉम्प्युटरला स्वतःचं सिमकार्ड द्या. यूएसबीचा जीएसएम मोडेम घ्या, तो आणि कॉम्प्युटर यूपीएसवर ठेवा. मध्ये इंटरनेटच नाही.

तिसरी_घंटा

मोडेम ही हौशी माणसाची गोष्ट आहे. तुम्ही नोकरी सोडली की त्या डबड्याचं काय करायचं, कुणाला कळत नाही. मी अशी डबडी टेबलाखाली धूळ खात पडलेली पाहिली आहेत.

बिनतारी

टिपणवहीतला ईमेल पत्ताही धूळ खातच पडला होता की. :)

असो. वीज गेल्यावर तुमची सेवा काय करणार, तेवढं सांगा.

तिसरी_घंटा

हा मुद्दा मान्य. राउटरलाही यूपीएस देता येतो, पण इमारतीबाहेरची लाइन आपल्या हातात नाही. ठीक, फ्रीझरसाठी मोडेम बरा. पण मग मोडेमही आंधळेपणाने नको. गजर वाजवणारा कॉम्प्युटरच मेला तर कोण सांगणार? रोज ठरलेल्या वेळी 'सर्व ठीक' असा एक एसएमएस आलाच पाहिजे. आणि तो आला नाही तर ओरडणारी दुसरी यंत्रणा दुसऱ्या इमारतीत हवी. माणसावर सोडू नका. रोज येणारा संदेश एके दिवशी आला नाही, हे माणसाच्या ध्यानात येत नाही.

स्वल्पविराम

मोडेमने एसएमएस जातो म्हणजे नक्की काय होतं? कुणी उलगडून सांगेल का? मला वाटायचं एसएमएस फक्त फोनवरूनच जातो.

बिनतारी

उलट आहे. जगातला पहिला एसएमएस कॉम्प्युटरवरूनच गेला. ३ डिसेंबर १९९२, नील पॅपवर्थ या अभियंत्याने व्होडाफोनच्या नेटवर्कवरून रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. तेव्हाच्या फोनवर संदेश लिहायची सोयच नव्हती.

मोडेमशी बोलायला एटी आज्ञा असतात. टर्मिनल उघडून आधी एटी लिहायचं, 'ओके' आलं की मोडेम जागा आहे. मग एटी+सीएसक्यू विचारा. ० ते ३१मधला आकडा येतो, तो सिग्नल. ९९ आलं तर मोडेमला काही कळत नाहीये, अँटेना बघा. १०च्या खाली असेल तर जागा बदला. फ्रीझरच्या पत्र्यांमध्ये तर मुळीच ठेवू नका. एटी+सीएमजीएफ=१ म्हणजे साध्या मजकुराची पद्धत. मग एटी+सीएमजीएस= आणि अवतरणात नंबर. पलीकडून '>' अशी खूण येते, तिथे मजकूर लिहून कंट्रोल-झेड. क्षणभराने '+सीएमजीएस' आणि एक क्रमांक परत आला की नेटवर्कने संदेश स्वीकारला.

हे सगळं हाताने एकदाच, खात्रीपुरतं करायचं. पुढे एसएमएस सर्व्हर टूल्स किंवा गॅमू हे काम करतात. पहिल्यात तर एका फोल्डरमध्ये फाइल टाकली, पहिल्या ओळीत नंबर, मग एक रिकामी ओळ, मग मजकूर, की गेला एसएमएस.

मोडेम घेताना मात्र ४जीचाच घ्या. जुने २जी-३जीचे स्वस्तात मिळतात, पण ती नेटवर्कं देशोदेशी बंद होताहेत. ऑस्ट्रेलियात ३जी २०२४मध्ये संपलं.

रात्रपाळी

हे छान वाटतंय. पण माझं सॉफ्टवेअर फाइल टाकत नाही, ईमेलच पाठवतं. मग?

बिनतारी

त्याच कॉम्प्युटरवर किंवा शेजारच्या रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर) छोटा मेल सर्व्हर चालवा, पोस्टफिक्स पुरे. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये मेल सर्व्हर म्हणून त्याचा पत्ता द्या. तो मेल बाहेर पाठवणारच नाही, एका स्क्रिप्टच्या हाती देईल. स्क्रिप्ट विषय उचलेल, गरज असेल तर मजकुराची पहिली ओळ घेईल, बाकी फेकून देईल आणि फोल्डरात फाइल टाकेल. सॉफ्टवेअरला वाटतंय ईमेल गेलं, आणि गेला एसएमएस. तुमच्या त्या रकान्यात गजर@आपलाच-कॉम्प्युटर असं काहीही टाकता येईल. नंबर स्क्रिप्टमध्ये.

'बाकी फेकून देईल' हे महत्त्वाचं. अशी सॉफ्टवेअरं खाली 'हा संदेश गोपनीय आहे' वगैरे शेपूट लावतात. ते शेपूटही एसएमएसमध्ये गेलं तर एका गजराचे चार एसएमएस होतात.

शंकेखोर

हा मेल सर्व्हर नेटवर्कवर उघडा राहिला तर कुणीही तुमच्या सिमवरून गावभर एसएमएस पाठवेल. 'कुणाकडून' हा ईमेलमधला रकाना कुणालाही खोटा लिहिता येतो, त्यावर विसंबू नका.

तिसरी_घंटा

+१. फक्त त्या एका कॉम्प्युटरच्या आयपीवरून आलेलंच घ्यायचं, बाकी दार बंद. आणि स्क्रिप्टमध्ये तासाला अमुक इतकेच संदेश अशी मर्यादा घाला. तापमान मर्यादेच्या आसपास वरखाली झालं की सॉफ्टवेअर दर मिनिटाला ईमेल मारत सुटतं. लोक वैतागून नंबर ब्लॉक करतात आणि मग खऱ्या वेळी काही उपयोग नाही.

काना_मात्रा

एक शंका अक्षरांबद्दल. आमच्याकडचे रात्रीचे पहारेकरी मराठीच वाचतात. मराठीत एसएमएस पाठवला तर १६० अक्षरं मिळतात का? माझा मध्येच तुटून दोन तुकड्यांत आला होता.

बिनतारी

नाही मिळत. एका एसएमएसमध्ये १४० बाइट बसतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात म्हणून १६०. देवनागरीला यूसीएस-२ ही जगातल्या बहुतेक लिप्या सामावणारी पद्धत वापरावी लागते, अक्षराला १६ बिट, म्हणजे ७०. त्याहून लांब झाला की तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकड्याला जोडणीची माहिती लागते म्हणून तुकड्यात ६७च.

त्यातही आपल्याला दिसणारं अक्षर आणि मोजलं जाणारं अक्षर निराळं. 'फ्रीझर' डोळ्याला तीन अक्षरी दिसतं, पण मोजणीत सहा : फ, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, झ, र. जोडाक्षरं आणि मात्रा भराभर जागा खातात. तरी गजरापुरतं भागतं. 'फ्रीझर ३ : तापमान -६२, लगेच बघा' हा अख्खा मजकूर ३१मध्ये बसतो.

इंग्रजीतही एक छुपा खड्डा आहे. वर्डमधून मजकूर चिकटवला की साध्या अवतरणचिन्हाऐवजी वळणदार येतं. ते ७ बिटांच्या तक्त्यात नाही. त्या एका चिन्हापायी सगळा संदेश १६ बिटांवर जातो आणि १६०चे ७० होतात. चौकटी कंस तक्त्यात आहेत, पण दोन-दोन जागा घेतात. सॉफ्टवेअरवाल्यांना तर प्रत्येक ओळ चौकटी कंसाने सुरू करायची खोड.

अवांतर : हिंदीसाठी ७ बिटांचा वेगळा तक्ता मानकात घातलेला आहे, त्यात देवनागरी बसते. पण प्रत्यक्षात फोन आणि सॉफ्टवेअरं यूसीएस-२च वापरतात, त्यामुळे त्याच्या मागे लागू नका.

काना_मात्रा

रोचक! वेलांट्या मोजतात हे माहीत नव्हतं. म्हणजे 'कृपया त्वरित उपस्थित राहावे'पेक्षा 'लगेच या' बरं.

तिसरी_घंटा

मजकुरात फ्रीझरचा क्रमांक आणि तापमान आधी, बाकी नंतर. लॉक केलेल्या पडद्यावर सुरुवातीचेच शब्द दिसतात.

आणि आता जे कुणी बोलत नाहीये ते. एसएमएस पोचला म्हणजे माणूस उठला असं नाही. रात्री बहुतेकांचा फोन 'व्यत्यय नको'वर असतो आणि त्यात एसएमएसही मुका होतो. ईमेल-ते-एसएमएसच्या फुकट सेवांचा इथे वेगळाच ताप होता, पाठवणारा नंबर दर वेळी बदलायचा. त्यामुळे तो फोनमध्ये साठवून त्याला वेगळी सूट देताच यायची नाही. या बाबतीत बिनतारींच्या मोडेमला माझं मत. सिम एकच, नंबर एकच. सगळ्यांनी तो 'फ्रीझर' नावाने साठवायचा आणि व्यत्यय-नकोमधून वगळायचा.

बिनतारी

मत मिळालं, भरून पावलो. :)

मग पुढचं पाऊल : एसएमएसनंतर कॉलही लावा. एटीडी, मग नंबर, आणि शेवटी अर्धविराम. तो अर्धविराम नसला तर मोडेम डेटा कॉल समजतो. बोलायचं काही नाही, नुसती रिंग. आयफोनमध्ये तीन मिनिटांत त्याच नंबरावरून दुसरा कॉल आला तर तो व्यत्यय-नको ओलांडून वाजू देण्याची सोय आहे. म्हणून दोनदा लावायचा. मोडेम घेण्याआधी त्यावरून आवाजी कॉल लागतो का ते मात्र बघा. कित्येक ४जी मोडेमना फक्त डेटा आणि एसएमएस जमतो.

शंकेखोर

माघार घेतो. टेलिग्रामचा बॉट यातलं निम्मंही करत नाही. तरी कामाच्या वेळेत, सगळ्यांना एकदम कळवायला बॉटच ठेवा. तिथे 'मी बघतो' असं कुणीतरी लिहिलेलं सगळ्यांना दिसतं, नाहीतर तिघेही धावतात किंवा कुणीच धावत नाही.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. सुट्टीच्या दिवशी बसून लावलं. रास्पबेरी पाय, ४जी मोडेम, दोन्ही यूपीएसवर. सॉफ्टवेअरच्या रकान्यात आता आमच्याच पायचा पत्ता आहे. कपाटाजवळ सिग्नल ७ येत होता, मोडेम लांब वायरीने खिडकीशी नेला तर १९. मर्यादा मुद्दाम खाली आणून पाहिली, एसएमएस आला, मग रिंगही आली. राउटर काढून ठेवला तरी आला. 'सर्व ठीक' रोज सकाळी सातला येतो आणि तो आला की नाही हे दुसऱ्या इमारतीतल्या कॉम्प्युटरला लावलेला वेगळा मोडेम बघतो.

काना_मात्राताई, मजकूर मराठीतच ठेवलाय. एसएमएस सर्व्हर टूल्सला फाइलमध्ये 'यूसीएस' सांगावं लागतं, नाहीतर नुसती प्रश्नचिन्हं येतात.

आता एकच शंका. त्या सिमवर जाहिरातींचे एसएमएस येऊन पडताहेत. त्याने काही बिघडेल का?

बिनतारी

पाठवायला काही बिघडत नाही. पण सिममध्ये संदेशांची जागा थोडी असते. ती भरली की नवे घेता येत नाहीत. तुम्हाला रिचार्जची सूचना त्याच सिमवर येणार असेल तर तीच बुडेल. एसएमएस सर्व्हर टूल्सला आलेले संदेश वाचायला लावा, ते वाचून सिममधून पुसून टाकतं. आणि त्या सिमची मुदत कधी संपते ते कॅलेंडरमध्ये टाका, पण प्रयोगशाळेच्या, तुमच्या एकटीच्या नको.

तिसरी_घंटा

आणि टिपणवहीतलं ते जुनं पान खोडा. नव्या पानावर मोडेमचा नंबर, सिमचा पिन, फोल्डरचं नाव आणि मोडेम कुठल्या खिडकीत आहे ते लिहा. कुणीतरी फोन चार्ज करायला ती वायर काढेलच.

स्वल्पविराम

वायरीवर 'काढू नये' अशी पट्टी लावा. मराठीत, ७०च्या आत.